हातवळण

फाटकापाशी प्लास्टिकचा घड टांगलेला होता. द्राक्षबागेत कामाला यायचं, तर आधी त्या खोट्या घडाची विरळणी करून दाखवायची, म्हणजे दाट मणी कात्रीनं कमी करायचे. बोटांचे ठसे तपासायची पद्धत केव्हाच बंद पडली होती. कामानं झिजलेल्या बोटांवर ठसे उरतात कुठे? त्याऐवजी आता हातवळण तपासत. अक्षराला जसं वळण असतं तसं हाताच्या कामालाही असतं आणि दोघांचं कधी सारखं नसतं, असा शोध कुणा शहाण्यानं लावला होता.

सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेल्या जमना भोयेला त्याची काळजी नव्हती. अकरा हंगाम ती याच बागेत येत होती. तिनं घडाला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. धान्य देणाऱ्या कणसरी देवीला हा नमस्कार केल्याशिवाय तिच्या आईनंही कधी कामाला हात घातला नव्हता. मग तिनं भराभर मणी उतरवले.

फाटक म्हणालं, "हे हातवळण नोंदलेलं आहे. तुम्ही नक्कल आहात. प्रवेश नाही."

बरोबरच्या बायका खो खो हसल्या. "जमने, तुझी नक्कल कोन करणार वं!" जमनाही हसली. तिनं पुन्हा करून दाखवलं. फाटक पुन्हा तेच म्हणालं. मग कुणी हसलं नाही. बाकीच्यांना पाला गोळा करायला आत घेतलं आणि ती एकटी बाहेर राहिली.

थोड्या वेळानं बागेच्या मालकीण नलिनीताई आल्या.

"ताई, बघा ना, हे फाटक मलाच वळखत नाय."

ताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "ते हातमोजे आठवतात, जमना?"

न आठवायला काय झालं! दोन हंगामांपूर्वी औषधाच्या पाण्यानं जमनाच्या हातांची सालं निघत होती. तेव्हा ताईंनी पातळ पांढरे मोजे आणले आणि बांगड्या भरताना धरतात तसा तिचा हात धरून स्वतः चढवले. "खास तुझ्यासाठी मागवले," म्हणाल्या. पाड्यावर जाऊन जमनानं ते दहा घरी सांगितलं होतं.

"त्या मोज्यांच्या विणीत तुझी हालचाल टिपणारे तंतू होते," ताई म्हणाल्या. "तुझं वळण आता यंत्राला दिलंय. मोजे मिळाल्याच्या कागदावर तुझी खूण घेतली ना, तो त्याचाच करार. आता दुसऱ्या कुणी त्या वळणानं काम करायचं नाही."

"दुसरं कोन, ताई? हात माझा हाये."

ताई खोट्या घडाचे उतरवलेले मणी परत लावू लागल्या.

"मंग दुसऱ्या बागेत जाते."

"सगळी फाटकं एकमेकांना जोडलेली आहेत."

जमनाच्या अंगाची लाही लाही झाली. "तुम्ही माझा हात धरला व्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं."

ताईंना थोडी लाज वाटली असावी. त्या हळूच म्हणाल्या, "एक करता येईल. डाव्या हातानं काप. वेडंवाकडं काप. नवखी समजून आत घेईल. पाला गोळा करायला ये."

अकरा हंगाम घासून आलेलं कसब घरी ठेवून या, म्हणजे काम मिळेल! आणि हे ताई उपकार केल्यासारखं सांगत होत्या.

जाळीपलीकडे यंत्र वेलींच्या ओळीत शिरलं. "अगदी तुझ्यासारखं करतं," ताई बोलून गेल्या. "फक्त सुरुवातीला एक खोड आहे त्याला. ती काढली तर पुढचं कामच बिघडतं म्हणे."

यंत्रानं पहिल्या घडाला बोटं लावली. मग हात वर नेला आणि जिथे कपाळ असायला हवं तिथे क्षणभर थांबवला. त्यानंतर कात्री चालू लागली.

जमना बघत राहिली. मग तिनं कात्री डाव्या हातात घेतली. खोट्या घडापाशी तिचा उजवा हात सवयीनं वर निघाला, तो तिनं पदरात दाबून धरला. नमस्कारावरूनही फाटकानं तिला ओळखलं असतं.

यंदा कणसरी नमस्कार कुणाचा धरील?