मिनिटाला चौदा लिटर

माझ्या थापा तुमच्या अंगवळणी पडल्यात. हीसुद्धा त्यातलीच समजा, सुखी राहाल.

तलावातून शहराला पाणी जातं, त्या तोंडाशी एक लोखंडी जाळी आहे. तिला अडकलेला गाळ नि प्लास्टिक काढायला मी खाली उतरतो. वर होडीत दोर धरून नावाडी, खाली मी एकटा. त्याचं मला काही नवल नाही, घरीही एकटाच असतो. एक मांजर आहे, तेही जेवायला शेजारणीकडे जातं.

मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. पाठीवरच्या सिलिंडरचा दाब मिनिटाला किती उतरला ते बघून तो खर्च झालेली हवा काढतो. खोलवर पाण्याचा भार वाढतो, तेवढ्याच श्वासाला हवा जास्त लागते. तो भारही तो भागून टाकतो. उरतो तो तुमचा खरा आकडा, काठावर बसून ओढाल तेवढा. माझा चौदा लिटर. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा चौदाच होता.

त्या सकाळी जाळीपाशी त्याने चोवीस दाखवले.

गळती असेल म्हणून नळी चाचपली. बुडबुडा नाही. हवा अशीच उडत राहिली तर वर पोचणं कठीण, हे कळत होतं. जाळीला धरून स्थिर झालो नि श्वास रोखला. दाब थांबायला हवा होता... तो उतरत होता. थोडा उतरायचा, थांबायचा, पुन्हा उतरायचा. गाढ झोपलेलं माणूस श्वास घेतं तसा. हळूहळू आकडा दहावर येऊन स्थिरावला.

वर आल्यावर नावाड्याने सिलिंडर पाण्यात बुडवून पाहिला. कुठेही गळत नव्हता. मी सगळं सांगितलं, तर म्हणाला, दादा, तुमच्या थापा पाण्यातही भिजत नाहीत. मग दोर गुंडाळता गुंडाळता हळूच पुटपुटला,

"ओढताना मात्र... जड लागलात."

शहाण्याने काम सोडलं असतं. मी मोठा सिलिंडर मागून घेतला. खरं सांगू? पाठीशी कुणीतरी श्वास घेतंय, एवढ्यानेसुद्धा सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. रोज चोवीस. माझे चौदा, त्याचे दहा. आमचं बरं चाललं होतं.

परवा जाळी साफ करताना फार हलकं वाटलं. दमच लागेना. वर आलो तसं नावाड्याने माझं मनगट धरून आकडा वाचला नि त्याचा चेहरा उजळला.

"दहा. सुटलात, दादा. गेला बघा तो."

मी मान हलवली. पण त्याची बोटं मनगटावरच थांबली, नाडीपाशी. बराच वेळ तो तिथे काहीतरी शोधत राहिला.

"दादा... तुमचे तर चौदा ना?"

मग त्याने हात काढून घेतला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.