देवीच्या उमाळ्याचं वय

वल्हं पाण्यात धरलं की त्याच्या मुठीवर आकडा उमटायला चाळीस सेकंद लागतात. वैजयंतीला ते चाळीस सेकंद काही केल्या धीर धरवत नसे. ती एकदा मुलीच्या खांद्यावरून मुठीकडे वाकायची, एकदा मागे नवऱ्याच्या कयाककडे बघायची, आणि मग उगाचच पिशवीच्या दोरीची गाठ सोडून परत बांधायची. पुढे बसलेली मनवा शेवटी तिला म्हणाली की तू हललीस की कयाक हलते, कयाक हलली की तळाची वाळू ढवळते, आणि मग सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं. तेरा वर्षांची पोर, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. वैजयंती निमूट बसली.

वैशाखातला रविवार होता. शेळपी नदी बारीक झाली होती. कोंडींमध्ये, म्हणजे लहान डोहांतच, कयाक तरंगेल इतकं पाणी, मधल्या पट्ट्यांत उतरून ओढतच न्यावी लागत होती. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी राऊळांच्या घरातली माणसं अशी नदीने वर जात आणि पात्रातले, काठावरचे उमाळे, जमिनीतून वर येणारे झरे, बघून येत. पालापाचोळा काढायचा, साचलेली वाळू सरकवायची, कुठला उमाळा जोरात आहे, कुठला मंदावलाय ते बघायचं. गावाने हा मान पिढ्यान्‌पिढ्या त्या घराला दिलेला. पूर्वी हे लाकडी होडीतून चाले. आता दोन कयाकमधून, कारण वैजयंतीचा नवरा दिगंबर खाडीत पर्यटकांना कयाक चालवायला शिकवत असे. त्याच्या पुढ्यात आज मानकरी बसले होते, म्हणजे वैजयंतीचे वडील भिकाजी राऊळ. वय चौऱ्याहत्तर. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांना उमाळा शोधायला यंत्र लागत नसे. पाय पाण्यात सोडून बसायचे आणि गारवा लागला की जावयाला म्हणायचे, थांबा. खाली बघावं तर तळाची वाळू उकळल्यासारखी नाचत असायची.

वल्हं मात्र वैजयंतीच्या कचेरीचं. पावसाचा थेंब पडताना हवेतले थोडे वायू आपल्यात विरघळवून घेतो. त्यांतले क्रिप्टॉन आणि अरगॉनचे काही अणू किरणोत्सारी असतात, म्हणजे ठरलेल्या गतीने आपोआप संपत जाणारे. पाणी जमिनीत मुरलं की हवेशी संबंध तुटतो, नवे अणू मिळत नाहीत, जुने तेवढे घटत राहतात. किती उरले ते मोजलं की हा पाऊस किती वर्षांपूर्वी पडला ते कळतं. त्यालाच जलवय म्हणायचं. काही वर्षांपूर्वी एवढ्यासाठी खोलीभर यंत्रं आणि पिंपभर पाणी लागे; आता सगळं वल्ह्याच्या पात्यात मावत होतं. अट एकच, पाणी जमिनीतून बाहेर येतं त्या तोंडाशीच मोजायचं. त्याला हवा लागली की हिशेब बिघडतो, म्हणून नळाच्या पाण्याचं वय कुणालाच सांगता येत नाही. वैजयंती तालुक्याच्या जलवय कक्षात नोकरीला होती. गावात तिला पाण्याच्या पत्रिका काढणारी म्हणत, कौतुकाने आणि जरा चिडवायलाही.

मुठीवर आकडा आला. चार पूर्णांक दोन.

मनवाने तो वहीत उतरवला आणि शेजारी तीन वर्षांपूर्वीचा आकडा वाचला. पिंपळाचा उमाळा, अकरा पूर्णांक चार. मागून दिगंबर खूश होऊन म्हणाला की वा, पाणी तरुण झालं की. पुढच्या आवळीच्या उमाळ्यावर तीन पूर्णांक आठ आले. त्याच्या पुढे म्हशीच्या कोंडीत तीन पूर्णांक एक. दिगंबर दर वेळी खूश होत होता आणि वैजयंती दर वेळी जुना आकडा पुन्हा वाचायला सांगत होती. नवऱ्यावर ओरडावंसं तिला वाटलं, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तिने मनवाला समजावून सांगितलं. उमाळ्याचं पाणी एकाच पावसाचं नसतं. त्यात गेल्या वर्षीचं असतं, दहा वर्षांपूर्वीचं असतं, खोल खडकात मुरलेलं फार जुनंही थोडं असतं, आणि वल्हं त्या सगळ्यांची सरासरी सांगतं. घरातली म्हातारी माणसं एकामागोमाग गेली की घराचं सरासरी वय उतरतंच. म्हणून ते घर तरुण झालं असं कोणी म्हणतं का? मनवाने पेन्सिल खाली ठेवली. जुनं पाणी संपत चाललंय का, असं तिने विचारलं. वैजयंती म्हणाली की तेच तर बघायचंय.

आणि बघायचं होतं ते आजच. वर सड्यावर, त्या सपाट खडकाळ पठारावर, नवी वसाहत झाली होती, तिच्या सहा खोल विहिरी वैजयंतीच्याच अहवालावर मंजूर झालेल्या. शेळपीच्या उमाळ्यांचं जलवय अकरा वर्षं, असं त्या अहवालात लिहिलेलं. म्हणजे उपसलेलं पाणी दहा-अकरा वर्षांत पाऊस भरून काढतो, काळजी नको. आता आणखी सहा विहिरींचा प्रस्ताव आला होता. त्याला जोडायला तोच अहवाल, तेच आकडे आणि सोमवारी सकाळी तिची सही. कचेरीतल्या साहेबांनी कागद तयार करून ठेवलेसुद्धा होते. चार दिवस तिला झोप लागत नव्हती, आणि का लागत नाही हे तिने दिगंबरलाही सांगितलं नव्हतं.

ते मनवाने शोधून काढलं. जुन्या नोंदी वर-खाली करता करता ती म्हणाली, "आई, पिंपळाचा उमाळा अकरा पूर्णांक चार. आणि देवीचा उमाळापण अकरा पूर्णांक चार. दशांशापर्यंत सारखं कसं आलं?"

वैजयंती जोराने वल्हवू लागली. कयाक पुढे जात राहिली. नदी वळते त्या ठिकाणी कातळाच्या कपारीत देवीचा उमाळा होता, सगळ्यांत खोल, भर मे महिन्यात मनगटाएवढ्या धारेने वाहणारा. त्यात फक्त मानकऱ्याचा हात जायचा. गावातल्या दुसऱ्या कुणाचा नाही, बाईमाणसाचा नाही, यंत्राचं तर नावच नको. गंमत अशी की उमाळ्याला बोट न लावणाऱ्या त्याच गावाने कपारीच्या मागे पन्नास पावलांवर बोअर मारून दोनशे बारा घरांना नळ दिले होते. पाणी तेच. बोअर बंदिस्त, वल्हं जाण्याजोगं तोंड नाही. त्या पाण्याचं वय कळायचं तर ते उमाळ्यातूनच कळणार.

दोन्ही कयाक वाळूला लागल्या. वैजयंतीने मग एका दमात सांगून टाकलं, कारण थांबली असती तर परत धीर झाला नसता. तीन वर्षांपूर्वी ती मोजणीला इथे आली होती. कपारीपुढे अर्धा तास उभी राहिली. हात पुढे झाला नाही. आबा नाही म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यांच्याशी भांडायचं नव्हतं, आणि कचेरीत जाऊन मी देवाला घाबरले असं सांगायचीही लाज वाटत होती. एवीतेवी आजूबाजूचे उमाळे सारखेच आहेत, असं मनाला सांगून तिने शेजारचा आकडा उतरवला. त्या अहवालाबद्दल तिला शाबासकी मिळाली होती, आणि आता नव्या सहा विहिरींसाठी उद्या त्याच आकड्यांवर तिची सही हवी होती.

दिगंबरने दोन्ही कयाक वाळूवर ओढून घेतल्या. आबांनी पायांवरचं पाणी निथळू दिलं.

"तू माका इचारलंस कधी?" ते म्हणाले.

वैजयंती म्हणाली की तुम्ही नाहीच म्हणाला असता.

"तां मी म्हणतलंय. तू कित्याक म्हणतंस? माजो हात चलता ना हयसर? मग माज्या हातातलां वल्हां चलात. हाड हकडे."

इतकं सोपं होतं. तीन वर्षं जो प्रश्न तिने विचारलाच नव्हता त्याचं उत्तर इतकं सोपं होतं, आणि तिला आबांचा नव्हे, स्वतःचाच भयंकर राग आला. तिने वल्हं पुसून त्यांच्या हातात दिलं. आबांनी डोळे मिटून देवीला काहीतरी सांगितलं, गुडघ्यांवर बसले आणि पातं कपारीत आत, धारेच्या मुळाशी धरलं. मनवा मनातल्या मनात सेकंद मोजत होती, ओठ हलत होते.

चाळीस सेकंद झाले, आकडा आला नाही. साठ झाले. फार जुनं पाणी असलं की उरलेले अणू हुडकायला यंत्राला वेळ लागतो, हे वैजयंतीला माहीत होतं. मग मुठीवर आकडा उमटला. आठशे सत्तर.

दिगंबरला क्षणभर वाटलं की दशांशाचं टिंब राहून गेलं. आबांनी दुसऱ्यांदा धरलं. आठशे पासष्ट. फारसा फरक नव्हता. आठशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी खडकातून ठिबकत ठिबकत आज इथे पोचत होतं. ह्यातला हंडाभर उपसला तर तो भरून यायला तेवढीच वर्षं. सड्यावरच्या विहिरी आणि गावची बोअर, दोन्ही ह्याच साठ्यावर. वाटेतल्या उमाळ्यांतला जुना वाटा संपलाच होता; आता हा एवढा राहिला होता.

आबा हसले. जुना आहे म्हणजे चांगलाच आहे, सही करू नकोस, नव्या विहिरी थांबतील, असं त्यांचं म्हणणं. दिगंबरनेही मान हलवली. वैजयंतीला मात्र पुढचं माहीत होतं आणि ते तिने सांगितलं. शंभरीचा नियम म्हणून एक नियम होता. एका जिल्ह्यातले साठे कायमचे कोरडे पडल्यावर केलेला. शंभर वर्षांहून जुनं पाणी सापडलं की त्यावरचा प्रत्येक पंप बंद, वसाहतीचा असो की गावाचा. आपोआप वाहील तेवढंच घ्यायचं. हा आकडा तिने कळवला तर सड्यावरच्या विहिरी बंद होणार होत्याच, पण त्यांच्याबरोबर दोनशे बारा घरांचे नळही. आणि नुसती मनगटाएवढी धार दोनशे बारा घरांना पुरणार नव्हती. नाही कळवला तर गावाला आणखी चार-पाच वर्षं पाणी मिळेल, मग कधीच नाही. तिची नोकरी बहुधा दोन्हीकडून जाणार होती. त्याचं तिला आता तितकंसं वाटत नव्हतं.

मनवा वही मिटून आजोबांजवळ जाऊन बसली.

"कळव," आबा म्हणाले.

वैजयंतीने कातळावर चढून, जिथे रेंज येत होती तिथे उभं राहून फोनवर कक्षाला पत्र लिहिलं. नवा आकडा लिहिला. जुना आकडा मी न मोजता लिहिला होता, असंही लिहिलं, आणि ते वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा तसंच ठेवलं. पत्र गेलं. आता आठ-पंधरा दिवस कागद फिरतील, तेवढ्यात गावाची काही सोय लावता येईल, असा तिचा अंदाज होता. उत्तर चार मिनिटांत आलं, माणसाचं नव्हे, कक्षाच्या यंत्रणेचं. सड्यावरच्या सहा आणि गावची एक, सातही पंपांना उद्या सकाळी सहा वाजता कुलूप. टँकर तीन दिवसांनी सुरू.

परत येताना प्रवाह बरोबर होता, वल्हवायची फारशी गरज नव्हती. तरी वैजयंती वल्हवत होती, हात रिकामे ठेववत नव्हते म्हणून. दिगंबरने कयाक तिच्या कयाकला लावून घेतली. तीन दिवस कसे काढायचे याचे हिशेब तो आबांना सांगत होता, खाडीवरून दोन टेम्पो आणू म्हणत होता. आबा ऐकत नव्हते. गावचा घाट दिसायला लागल्यावर ते मुलीकडे वळले. उमाळे बघून आलं की घाटावर उभं राहून गावाला पाण्याची खबर द्यायची, हे काम मानकऱ्याचंच.

"आता सांगलंय तर सकाळपर्यंत पंप कोण बंद करूचो नाय," ते म्हणाले. "हंडे भरतले, पिपां भरतले, न्हाणीतली टाकी भरतले. आठशे वर्सांचां पाणी एका रातीत. आणि नाय सांगलंय तर सकाळी ल्हान पोरांका घोटभर नाय. तू शिकलंलंस मा, तूच सांग."

एकेका घराचं नाव वैजयंतीच्या डोळ्यांपुढे येत होतं. कुणाकडे बाळंतीण होती, कुणाकडे अंथरुणाला खिळलेली सासू, पुढच्या आठवड्यात एकीकडे लग्न. खडकातल्या साठ्याची बाजू घ्यायला तिथे कुणीच नव्हतं.

कयाकचं नाक घाटाच्या पायरीला लागलं. पायरीवर शेवंती काकी कपडे पिळत होती. पाण्याची खबर ऐकायला आणखी चार-पाच माणसं वरून उतरत होती. काकीने पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि दरवर्षी विचारायची तसंच हसून विचारलं.

"काय गो वैजू, यंदा पाणी कसां आसा?"