लेण्यातून आलेली ओ

मुलांनो, डोळे मिटा. चैत्रातली टळटळीत दुपार समोर आणा. पातूरची लेणी. बाहेर ऊन, आत गार काळोख. दगडावर नऊ वर्षांची आचल राजकन्येच्या वेषात निपचित पडली आहे...

हे खरंच घडलेलं आहे. मी तिथे होतो. आजही कोणा मुलाला हाक मारली, की ओ कुठून आली ते मी आधी पाहतो.

वलगावात आम्ही वर्षानुवर्षं एक शोकनाटक करायचो. शेवटच्या अंकात छोटी राजकन्या विष पिऊन मरते. आमचा एक नेम होता. पडदा पडला, की मेलेल्या पात्राला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली, की पाणी पाजायचं. मगच उठायचं. नाहीतर मेलेलं पात्र मागेच राहतं, असं जुने लोक म्हणायचे.

माझा जुना विद्यार्थी कुंदन त्याच नाटकाचा सिनेमा करत होता. आचल त्याचीच मुलगी.

"कट!" झालं. मी तांब्या घेऊन निघालो.

"थांबा गुरुजी! तिले उठवू नका. अजून टेक हाये."

"नेम आहे रे, कुंदन."

"मेलेल्याले पानी कोन पाजते? हे काई आपलं स्टेज नाई!"

सगळे हसले. मी तांब्या खाली ठेवला. तीच माझी चूक.

दुसरा टेक. तिसरा. सातवा...

आचल तशीच पडून.

काम आटोपलं. सगळे शॉट पाहायला बाहेर गेले. मी हाक मारली, "आचल!"

ती हलली नाही. हात दगडासारखा गार.

"आचल..."

"ओ..."

आवाज लहान मुलीचा होता.

पण तो लेण्याच्या आतल्या काळोखातून आला होता. तिथे कोणीच नव्हतं.

मग आचलने डोळे उघडले.

आठ दिवसांनी अमरावतीहून कुंदनचा फोन आला. "गुरुजी, या ना. पोर बोलतच नाई. आचल म्हनून हाक मारली का, रिकाम्या खोलीतून ओ येते..."

मी तोच तांब्या घेऊन गेलो. आचल जेवायला बसली होती. शेजारी तिनेच एक रिकामा पाट मांडलेला.

"आचल!"

आतल्या खोलीतून, "ओ..."

मी तिकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाहत पुन्हा हाक मारली. पुन्हा. पुन्हा.

"ओ, गुरुजी," आचल म्हणाली.

कुंदनला रडू कोसळलं. मी पेला भरून दिला. ती घटाघटा प्यायली...

अर्ध्यावर थांबली.

उरलेलं पाणी तिने रिकाम्या पाटापुढे सरकवलं आणि हळूच म्हणाली,

"तू पन पी. तुले तं कोनी उठवलंच नाई."