वाढवलेला पाटा

तीस वर्षं मी गाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवर गाडी तोलणारे पोलादी पाट्यांचे थर, बसवतोय. माझ्या हातून गेलेली गाडी एका अंगावर झुकते असं कुणी म्हणालं, तर त्याला मी गाडीखाली झोपवून एकेक नट दाखवतो. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी शटर वर केलं आणि माझं डोकंच फिरलं.

पिकअप डावीकडे झुकली होती. ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस बसतो त्या बाजूला, चांगली दोन बोटं. शनिवारी चारही कोपरे टेपने मोजून, आकडे खडूने भिंतीवर लिहून मगच मी कुलूप लावलं होतं. चारही आकडे सारखे होते.

गाडी माझ्या भाचीची. पन्नास वर्षांपूर्वीची, पुढे एकसलग लांब सीट आणि मागे उघडा हौदा. पोरीला डोंगरावरच्या रोपवाटिकेत काम मिळालं होतं. रोपांच्या कुंड्या भरायच्या आणि घाट उतरून शहरात पोचवायच्या, तेही स्वतःच्या गाडीने. ताईने, म्हणजे तिच्या आईने, तेव्हापासून धसका घेतला होता. उतरताना दरी सगळी उजव्या हाताला. "एकुलती एक आहे रे माझी," ती मला म्हणाली. "तू हात लावलास तरच मी तिला जाऊ देईन." आता यावर माणूस काय बोलणार?

गाडी मीच शोधली होती, एका लाकूडवाल्याच्या शेडमध्ये. बारा वर्षं जागची हललेली नव्हती. शेजारच्या सीटच्या दाराला बाहेरून जाड तार गुंडाळलेली, एक नाही, सात-आठ वेढे. लाकूडवाला म्हणाला, दार आपोआप उघडतं, तार असू द्या. मला असल्या कामचुकारपणाची चीड आहे. एवढंसं लॅच बदलायचं सोडून बारा वर्षं तार गुंडाळून ठेवतात लोक! पक्कड काढली आणि तिथेच ती तार तोडली. तो मागे सरकून उभा राहिला.

मग दीड महिना मी त्या गाडीत घातला. तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवला. शाफ्टचे जॉइंट नवे, डिफरन्शियल उघडून दातन् दात तपासला. कमानी दोन्ही बाजूंना कोऱ्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोरे, दाराचं लॅचसुद्धा कोरं. आणि एवढं करून ही अशी लंगडी उभी!

आधी कमानीवाल्याला फोन करून झाडला. तो शपथा घ्यायला लागला. मग मी डावी कमान उजवीकडे टाकली आणि उजवी डावीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डावी बाजूच खाली. फरशीला उतार असेल म्हणून पाण्याची नळी लावून पाहिली, फरशी सरळ. गाडी ढकलत बाहेर काढली आणि उलट्या तोंडाने आत लावली. सकाळी ती पुन्हा त्याच सीटच्या बाजूला बसलेली, तीच दोन बोटं. सीटवर काही नव्हतं. रेक्झिन ताणलेलं, एक सुरकुती नाही.

शेजारचा लेथवाला माझा जुना दोस्त आणि पक्का चेष्टेखोर. वय झालं तुझं, टेप उलटी धरतोस, असं तो दोन दिवस चारचौघांत सांगत होता. मी म्हटलं, चल बस, फेरी मारू, मग बोल.

तो बसला आणि थेट मला चिकटला. गिअर टाकायला कोपर हलेना. मी खेकसलो, सरक की पलीकडे, एवढी सीट मोकळी आहे.

तो सरकला नाही. दाराकडे बघतसुद्धा नव्हता. "जागा नाहीये," तो हळूच म्हणाला.

पहिल्या वळणावर त्याने गाडी थांबवायला लावली आणि माझ्या बाजूने, माझ्या अंगावरून उतरला. चालत परत गेला. त्यानंतर त्याने टेपची चेष्टा केली नाही, गॅरेजमध्येही आला नाही. मला भयंकर राग आला. इतक्या वर्षांची दोस्ती आणि हे असलं नाटक.

माझ्या उस्तादांचा एक नियम होता: गाडी का झुकते ते कळल्याशिवाय कमानीत पाटा वाढवून ती बाजू उचलायची नाही. आजवर मी तो मोडला नव्हता. पण गुरुवारी भाची गाडी न्यायला येणार होती, आणि एका गाडीने मला वेड्यात काढावं हे मला सहन होईना. बुधवारी दुपारी डाव्या कमानीत मी एक जादा पाटा घातला. यू-बोल्ट दात खाऊन आवळले. म्हटलं, आता बैस किती बसतेस ते.

गुरुवारी सकाळी गाडी पातळीत होती. चारही आकडे सारखे. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

भाची आली. पाच गिअर बघून लहानपणीसारखी टाळ्या पिटायला लागली. गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच शेजारचं दार सताड उघडलं. मी ओरडून तिला थांबवलं, जाऊन दार आपटून लावलं, लॅच बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तणतणतच परत आलो. गाडी जाताना कशी दिसत होती, ते बघितलंच नाही.

तीन वाजता तिचा फोटो आला. रोपवाटिकेचं सिमेंटचं अंगण, मागे विटांची भिंत, पुढे ही कंबरेवर हात ठेवून हसतेय. गाडी रिकामी.

मी फोटो मोठा करून पाहिला. मग विटांच्या ओळीला पट्टी लावली.

गाडी उजवीकडे झुकली होती. दोन बोटं. दरीच्या बाजूला. डावीकडे बसणारं ओझं आता नव्हतं; माझा जादा पाटा तेवढा ती बाजू उचलत होता.

तिला फोन लावला. सांगितलं, कुंड्या भरू नको, गाडी हलवू नको, मी येतोय. तिला वाटलं मी उगाच काळजी करतोय. फोटो पोचल्या पोचल्या काढलेला; आता कुंड्या भरून झाल्या होत्या, पाचला निघायचंच होतं. "मामा, तूच केलीयेस ना गाडी? मग कसली भीती?" एवढं म्हणाली आणि रेंज गेली. नंतर दहा वेळा लावला. लागला नाही.

पाने पिशवीत भरले. तो पाटा काढायला अर्धा तास पुरे होता. वर पोचायला तासभर.

मोटरसायकल गॅरेजच्या दारात उभी होती. स्टँडवरून काढून, हँडल धरून मी तिच्या बाजूला उभा राहिलो. अजून पाय टाकला नव्हता.

मागचे शॉक कुरकुरले. मागची बाजू खाली बसली.

टेप काढायची गरज नव्हती.

"उतर," मी म्हणालो. माझा आवाज रागाने थरथरत होता. निदान मी तरी तो राग समजलो. "ती पोर एकटी आहे तिकडे. उतर खाली."

काहीच झालं नाही. चार वाजायला आले होते.

मी पाय टाकला, किक मारली. पाठीला काही लागलं नाही.

फक्त मागचा डावा फूटरेस्ट, जो माझ्या गाडीला कायम मिटलेला असतो, खट्कन खाली आला.