सुब्राय हेगडेच्या बागेतली फवारणी

अमावास्या नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही पोरं म्हणणार, काकांची गोष्ट म्हटली की अमावास्या ठरलेली. मागच्या जुलैतला शेवटचा बुधवार होता तो. सुब्राय हेगडे, माझा मावसभाऊ, शिरसीपलीकडच्या आपल्या पोफळीच्या बागेत औषध कालवायला उतरला. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. हातात कंदील, खांद्यावर चुन्याची पिशवी. मोरचूद खोपीत होतंच.

महिनाभर पाऊस नुसता ओतत होता, तो त्या संध्याकाळी थांबला. घडांना कोळेरोग लागलेला. कोवळी सुपारी सडते आणि रात्रभर टपटप गळत राहते. ज्याची बाग आहे त्याला विचारा, झोप लागते का. शेजाऱ्यांची दुसरी फवारणी कधीच उरकली होती. सुब्रायची पहिलीसुद्धा अडकली होती, कारण त्याच्या बागेत चढायला एकही कोनेगौडा तयार नव्हता. आता कोनेगौड्याशिवाय पोफळीची बाग म्हणजे शिंप्याशिवाय कापड. साठ फुटांवर बसून तो घड उतरवतो, फवारतो, मग शेंडा झुलवून पुढचं झाड धरतो. सकाळी चढला की दुपारच्या जेवणालाच खाली येतो.

का येत नव्हते? सांगतो ना. घाई कसली आहे तुम्हाला!

आदल्या पावसाळ्यात सुब्रायच्या बागेत दुग्गा पडला. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा कोनेगौडा नव्हता. त्या दिवशी तो म्हणाला होता, "आज नको, अय्या. झाडं बुळबुळीत झालीत." आणि सुब्राय म्हणाला होता, "एवढी एकच ओळ रे. मग बसून गरम कषाय पिऊ." दुग्गा चढला. चौथ्या झाडावरून पाचवं धरताना हात सुटला. जागीच गेला. सुब्राय माणूस वाईट नाही हो. पण ते वाक्य त्याचंच, आणि ते त्याला कुठे टाकून देता येत नव्हतं.

तर त्या बुधवारी जेवताना त्याचा मुलगा सुमंत म्हणाला, "अप्पय्या, उद्या उजाडताच मी चढतो."

सुब्रायची बायको भागीरथी वाढत होती, तिच्या हातातली ताकाच्या तंबुळीची पळी तशीच राहिली. "तू? जिना उतरताना कठडा धरतोस, आणि पोफळीवर चढणार?"

"आयी, शिकल्याशिवाय कसं येईल?"

"दुग्गाचा जन्म गेला झाडावर, तरी तो..."

"मग काय, बाग सडू द्यायची?"

दोघांनी सुब्रायकडे पाहिलं. 'नको, तमा' म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं; लाडाने तो पोराला तमा म्हणतो. पण सडके घड डोळ्यांसमोर आले आणि तोंड मिटलं. एकुलता एक पोरगा, आणि बाप ताकभात कालवत बसला. मला हे त्यानेच सांगितलं. सांगताना रडला.

जेवण उरकून तो उतरला, तेव्हा बागेत वारा नव्हता. पिंपात त्याने चुना कालवला, मोरचूद ओतलं, काठीने ढवळलं. जुना हातपंप पिंपाला जोडला. नळीचं वेटोळं सकाळसाठी झाडाखाली ठेवलं. झालं काम. कंदील उचलायला वाकला.

वरून हाक आली.

"होऽऽ"

आता तुम्ही शहरात वाढलेली पोरं, तुम्हाला यातलं काय कळणार. फवारणीच्या वेळी वरचा तयार झाला की हाक देतो. खालच्याने 'हो' म्हणायचं आणि पंप दाबायचा. खालून 'हो' आल्याशिवाय वरचा काम सुरू करत नाही. सुब्रायने तीस वर्षं ही हाक ऐकलेली. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं...

"हो."

मग त्याला कळलं, आपण काय केलं ते.

नळीचं वेटोळं हललं. एक वळसा सुटला. मग दुसरा. नळी खोडावरून सरसर वर जायला लागली. सुब्रायने वर पाहिलं. काळोख. कंदिलाचा उजेड पुरुषभर वर जाऊन संपत होता.

पळायला हवं होतं. आणि खरं सांगू? त्याचे हात पंपाकडे गेले. वर माणूस असताना पंप सोडून जायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो दाबायला लागला. वर फस्स झालं. त्याच्या टकलावर थेंब पडले. चुन्याचे.

शेंडा वाकल्याचा आवाज. पुढचं झाड धरल्याचा आवाज. नळी तिकडे ओढली गेली.

"होऽऽ"

"...हो."

झाडामागून झाड. ओळीमागून ओळ. एवढी लांब नळी कुठली, तरी ती पुरत होती. पिंप संपत नव्हतं. सुब्राय रामनाम घ्यायचा प्रयत्न करत होता, पण जिभेवर 'हो'शिवाय काही येत नव्हतं. खांदे भरून आले. तो पंप दाबत राहिला.

ए, कोण हसलं? हसू नका रे.

मग त्याच्या लक्षात आलं. ओळी घराच्या दिशेने सरकत होत्या.

शेवटचं झाड. माजघराच्या खिडकीला लागून. तिथे सुमंत झोपतो.

शेंडा वाकला. थांबला. फवारा बंद.



"अय्या..."

आवाज दुग्गाचाच. दमलेला. रागाचा नव्हे.

"...पोरगा कुठाय?"

सुब्राय म्हणतो, मी ओठ दाताखाली दाबून धरले होते. रक्त आलं, तरी दाबले. पण आयुष्यभराची सवय. वरच्याने विचारलं की खालच्याने उत्तर द्यायचं.

"आत. झोपलाय."

नळी धपकन खाली पडली.

तो धावला. चिखलात पडला, उठला, धावला. दाराला आतून कडी. दोन्ही हातांनी दार बडवलं. "तमा! सुमंत!" भागीरथीने कडी काढली. "अहो, झालंय काय? पडलात का?" तिला बाजूला सारून तो माजघरात गेला.

सुमंत झोपलेला. श्वास चालू. छातीवर हात ठेवून सुब्रायने तो दहादा पाहिला. खिडकी बंद. मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली. तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "नाही चढायचं. बाग सडू दे, मरू दे, माझा पोरगा नाही चढायचा." जे जेवताना म्हणायचं होतं, ते आत्ता म्हणत होता.

भागीरथीने पोराचं पांघरूण नीट करायला पायाकडून उचललं. आणि तसंच हातात धरून उभी राहिली.

सुमंतच्या दोन्ही पावलांत मिळून एक फास होता. कोनेगौडे चढताना घालतात तो. ओला, ताज्या वाखाचा.

चढायला घातला होता, की चढू नये म्हणून पाय बांधले होते, ते सुब्रायला आजही सांगता येत नाही. सकाळी बागेतला घडन् घड निळा दिसला, त्या वर्षी सुपारीही चांगली आली. सुमंत झाडाला हात लावत नाही. पण तो फास मी पाहिलाय, पोरांनो. प्रत्येक कोनेगौडा आपला फास आपल्या पावलांच्या मापाने वळतो. दुग्गाचे पाय फावड्यासारखे रुंद, त्यात ते मावलेच नसते.

तो नेमका सुमंतच्या मापाने वळलेला होता.