कुलूप भक्कम, सायकल गायब

तिसरी सायकल गेली ती गुरुवारी. साडेतीनला पहिली पाळी सुटली, माणसं कंपनीच्या फाटकाबाहेरच्या पत्र्याच्या शेडकडे निघाली आणि जमना पागधरे आपल्या सायकलच्या जागेपाशी येऊन थबकली. जागा रिकामी होती. सायकल नाही, कुलूप नाही, कापलेल्या तारेचा तुकडासुद्धा नाही.

"सुका, माजी सायकल कुठं हाय?"

शेडचा राखणदार सुका वरठा स्टुलावरून उठला. त्याने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग जमनाकडे. "सकाळी होती, ताय."

"सकाळी होती ते मला ठाव हाय. दिवसभर हितं कोन बसलेला? तूच. मग चोर बी तूच."

साठेक माणसांनी हे ऐकलं. कोणी 'अगं, असं बोलू नये' म्हणालं नाही. आणि बोइसरच्या एमआयडीसीत बातमीला पाय लागायला वेळ लागत नाही, पाच मिनिटांत ती मॅनेजरच्या टेबलावर पोचली. मॅनेजरने सांगून टाकलं, सोमवारी शेडवर नवा माणूस येईल आणि सुकाच्या नावाने पोलिसांत तक्रार जाईल.

सुकासाठी ही नुसती नोकरी नव्हती. चार वर्षांपूर्वीपर्यंत दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको बुधी घराला कडी लावून वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडाशी परत यायचे. या स्टुलाने ते थांबलं होतं. नावावर चोरीची तक्रार लागली की दुसऱ्या कुठल्या फाटकावर कोणी उभं करणार नव्हतं. मग पुन्हा भट्टी होतीच.

स्टोअर सांभाळणारी भाग्यश्री तामोरे हे सगळं खिडकीतून बघत होती. बाई पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिच्या स्टोअरमधला एक नट इकडचा तिकडे झाला तर तीन पाळ्यांना धारेवर धरणारी. चोरीपेक्षा तिला जमनाचं बोलणं जास्त झोंबलं. पुराव्याशिवाय माणसाला चारचौघांत चोर म्हणायचं, ही कुठली रीत? ती चपला सरकवून थेट शेडवर गेली.

"सुका, खरं सांग. जागा सोडून कधी जातोस?"

"अकराला, ताय. हापिसाचा चा आनाया. दहा मिंटं."

"धाडतो कोण?"

"टायम हापिसातून रूपेशभाऊ. रोजच धाडतात."

"आज परत आलास तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"नाय दिसलं. मी सायकली मोजत नाय ना." त्याने मान खाली घातली. "मोजाया पायजे होत्या."

चोर असं बोलत नाही, भाग्यश्रीला वाटलं. पण नुसत्या वाटण्यावर मॅनेजर ऐकणार नव्हता. आणि अकराचा चहा अख्ख्या कंपनीला माहीत होता, म्हणजे संशय घ्यायचा तर साठ जणांवर घ्यावा लागणार.

तिने मनाशीच हिशेब मांडला. महिन्यापूर्वी पहिली सायकल गेली तेव्हा नवल नव्हतं. मागच्या चाकावरचं ते साधं गोल कुलूप, लाथेनेही उघडेल असलं. कोणीतरी ते पिरगाळून तुकडे तिथेच टाकले होते. मग सगळे घाबरले आणि नवी, जाडजूड, नंबरची कुलुपं आली. त्यानंतर आधी पहिल्या पाळीतल्या धीरजची सायकल गेली आणि आज जमनाची. ती कुलुपं मात्र तुटलीच नाहीत, सायकलीबरोबर गेली.

संध्याकाळी ती धर्मेशच्या दुकानात पोचली. नवी कुलुपं घेणाऱ्या सगळ्यांनी ती त्याच्याकडूनच घेतली होती. सगळ्यांची कुलुपं एकाच माणसाच्या हातून गेली असतील तर त्या माणसाकडे आधी बघावं, असा तिचा साधा विचार.

"मला पक्कं कुलूप दाखव," ती म्हणाली.

धर्मेशने काउंटरवर रांग लावली. बारीक तारेचं, साखळीचं, जाड तारेचं नंबरवालं, आणि शेवटी पोलादी दांड्याचं, इंग्रजी यूसारखं. "घ्यायचं तर हे घ्या, ताई. यू-लॉक. चावीचं हाय, कटरला दाद देत नाय."

"मग आमच्या लोकांना नंबरचं का दिलंस?"

"मी दिलं? मी सगळ्यांना हेच दाखवलं. पण जो आला तो मोबाइलवर फोटो दाखवत आला, हे नंबरवालंच पायजे म्हणून. आठ जण आले, आठ नेली."

"फोटो कोणी काढला?"

"तुमच्या टाइम ऑफिसचे ते. उभ्याउभ्या फोटो काढला, किंमत विचारली, गेले. त्यांनी काय घेतलं नाय."

"आणि नंबर? तो तू लावून दिलास?"

धर्मेशचा चेहरा पडला. "माझ्यावर संशय घेता? नंबर घरी जाऊन आपला आपण लावायचा असतो. कुलूप उघडं ठेवून हे बटण दाबायचं नि आकडे फिरवायचे. मी दुकानदार हाय, मला नंबर कळून काय करायचंय?"

भाग्यश्रीने जाड तारेचं कुलूप दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. भक्कम होतं. चार आकडे, म्हणजे दहा हजार नंबर. दहा मिनिटांच्या चहात कोणी दहा हजार नंबर लावून बघत नाही. ज्याने कुलूप उघडलं त्याला नंबर माहीत होता.

शुक्रवारी सकाळी पाळी भरत आली तेव्हा ती शेडवर आली. पत्र्यावर 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत' अशी पाटी होती, निळ्या रंगात, छापल्यासारखी अक्षरं. रूपेश मेहेरने रंगवलेली. कंपनीत लागायच्या आधी तो आपल्या गावी, किनाऱ्यावरच्या घिवलीला हेच काम करायचा. पाटीखाली उभी राहून भाग्यश्रीने नंबरची काळी कुलुपं मोजली. सात भरली. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजली. सातच.

तेवढ्यात शेडच्या टोकाला आधीच लावलेल्या आपल्या मोटारसायकलपासून खुद्द रूपेश तिच्याजवळ आला. हसरा माणूस, टाइम ऑफिसात हजेरी ठेवणारा, सगळ्यांची रजेची कामं बिनबोभाट करून देणारा.

"काय ताई, सीआयडी झालात की काय? सोडा. सुकाला हाकलला की संपलं. माझ्या ओळखीत एक चांगला माणूस हाय शेडसाठी. साहेबांना बोललोय मी."

"तू कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुलपाचा फोटो टाकलास ना?"

"टाकला. लोकांचं भलं व्हावं म्हणून. आता चोरच राखणीला बसलाय त्याला मी काय करू?"

"तुझ्या गावच्या धीरजची नि जमनाची सायकल गेली रे. गावात काय बोलतात?"

"गाव कुठलं आता, ताई. भाऊबंदकी झाली तेव्हापासून दोन वर्षं पाय नाय टाकला घिवलीत. आमी बोइसरकर झालो."

तो गेल्यावर भाग्यश्रीने ग्रुपवरचा त्याचा जुना मेसेज काढून वाचला. 'हेच कुलूप घ्या. चावी हरवायची भीती नाय. घरचा नंबर ठेवा म्हणजे विसरणार नाय.' सल्ला चांगला होता. मेसेजखाली बत्तीस अंगठे होते.

जेवणाच्या सुट्टीत तिने कुलूपवाल्यांना एकेक करून गाठलं. पहिला पॅकिंगचा रामकिसन. त्याची सायकल शाबूत होती.

"नंबर क्या रखा है, ये मत बता. किस चीज़ का रखा है, इतना बता."

"बेटी जिस साल हुई, वो साल, दीदी."

बेटेगावच्या दोघांनी तारीख-वार असलं काहीतरी ठेवलं होतं. त्यांच्याही सायकली जागेवर. मग तपासणी विभागातली उन्नती आली. घिवलीची, विशीतली, जरा घाबरट.

"ताय, मी सांगनार नवते. हसतील म्हनून. मंगळवारी माझ्या कुलपाला कोनीतरी हात लावलेला."

"कशावरून?"

"मी रोज लावलं का चारी शून्यं करून ठेवते. सुटल्यावर बघते तर दुसरेच आकडे. सुकादादाला विचारलं तर तो बोलला, चा घेऊन आलो तवा हितं कोन नवता." तिने मोबाइल पुढे केला. "फोटो काढून ठेवला मी."

फोटोत आकडे स्पष्ट होते. शून्य नऊ चार आठ.

"हा नंबर कुणाचा?"

उन्नतीने फोटो मोठा करून बघितला. "आगो, ही तर आमची जुनी होडी. बाबांनी विकली ना ती."

"आणि कुलपाला नंबर कुठला आहे?"

"नव्या होडीचा. गेल्या नारळी पुनवेला उतरवली ती."

भाग्यश्री तिथेच बाकावर बसली. तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि उघडायला चार आकडे दाबले. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या बापाच्या होडीचा नंबर. होडी विकून जमाना झाला, नंबर बोटांतून गेला नव्हता. कोळ्याच्या पोराला 'घरचा नंबर' म्हटलं की दारावरची पाटी आठवत नाही, होडी आठवते. आणि होडीचा नंबर काही गुपित नसतो. हातभर मोठ्या आकड्यांत तो होडीवर रंगवलेला असतो, अख्ख्या बंदराने वाचावा म्हणून.

तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकी साधी गोष्ट आणि कळायला दोन दिवस लागले. आणि मग तिला भीती वाटली, कारण आता संशय परक्यावर राहिला नव्हता. तो आपल्याच माणसांत येऊन बसला होता.

शनिवारी पाळी सुटली तेव्हा तिने मॅनेजरला शेडपाशी आणून उभं केलं. माणसं आपोआप जमली. सुका स्टुलाशेजारी उभा होता, बसायची त्याला हिंमत होत नव्हती.

"साहेब, कुलूप कापलं नाही, उघडलं," भाग्यश्री म्हणाली. "चोराला नंबर माहीत होता. धीरज, तुझा नंबर होडीचा?"

"हो."

"जमना, तुझा?"

"आमच्या होडीचाच. पन ते कुनाला—"

"सगळ्या किनाऱ्याला. ज्यांनी दुसरे नंबर ठेवले त्यांच्या सायकली इथेच आहेत. गेल्या त्या घिवलीकरांच्याच. सुका डोंगराकडचा माणूस. त्याला विचारा, जमनाच्या होडीचा नंबर काय. त्याने समुद्र तरी किती वेळा पाह्यलाय?"

"दोनदा," सुका हळूच म्हणाला.

"मंगळवारी चोराने उन्नतीच्या कुलपाला हात घातला आणि त्यांच्या जुन्या होडीचा नंबर लावला. उघडलं नाही. तेवढ्यात सुका चहा घेऊन आला म्हणून आकडे तसेच सोडून तो सटकला. आता सांगा, घिवलीत राहणाऱ्या कुणाला नवी होडी ठाऊक नाही? धीरज, तू होतास का होडी उतरवायला?"

"हो तर. खांदा दिला, जेवलोपन."

"सगळं गाव जेवलं. म्हणजे चोर घिवलीचा, होड्यांचे नंबर तोंडपाठ असलेला, पण हल्ली गावात न फिरकलेला." ती वळली. "रूपेश, तू पूर्वी घिवलीत काय रंगवायचास?"

रूपेश हसला. "पाट्या."

"होड्यांचे नंबर," धीरज मागून म्हणाला. "आमच्या होडीचा यानेच काढलेला."

"म्हणून काय मी चोर झालो? साहेब, ही बाई कायपन बोलते. पुरावा हाय?"

"आहे. धर्मेशने आठ कुलुपं विकली, दोन चोरीला गेली. राहायला हवीत सहा. शेडमध्ये मी सात मोजली. सातवं तुझ्या मोटारसायकलच्या चाकाला आहे. आणि धर्मेश सांगतो, तू नुसता फोटो काढलास, कुलूप घेतलंच नाहीस."

"मी दुसऱ्या दुकानातून घेतलं."

"असेल. जमना, जा. त्याच्या कुलपाला तुझा नंबर लाव. नाही उघडलं तर धीरज आपला लावेल."

जमना पुढे झाली. रूपेश आडवा यायला गेला, पण रामकिसनने त्याचा दंड धरला. जमनाने वाकून चार आकडे फिरवले. खट् आवाज झाला आणि कुलूप तिच्या हातात आलं. बटण दाबून नंबर बदलायचेसुद्धा कष्ट रूपेशने घेतले नव्हते. काळी कुलुपं सगळी सारखीच, कोण बघणार, असा त्याचा भरवसा होता.

मॅनेजरने एवढंच विचारलं, "कशासाठी?"

रूपेश जमनाच्या हातातल्या कुलपाकडे बघत म्हणाला, "बायकोचा भाऊ वर्षभर घरी बसलाय. सुकाची जागा त्याला पायजे होती." मग घाईने म्हणाला, "सायकली विकल्या नायत. तिन्ही माझ्या खोलीमागे हायत. मी कुलूप उघडायचो नि तो चालवत न्यायचा."

म्हणजे नंबरचं कुलूप त्यानेच सुचवलं, घरचा नंबर ठेवा हेही त्यानेच सांगितलं आणि अकराला सुकाला चहाला त्यानेच धाडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सगळी तयारी झाली होती. मॅनेजरने पोलिसांना फोन लावला. मग घसा खाकरून तो सुकाला म्हणाला की सोमवारी नेहमीसारखं यायचं.

सुकाने मान हलवली. माणसं पांगायला लागली. कोणी त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं.

जमना त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, माजं चुकलं. माफ कर."

"नाय, ताय," सुका म्हणाला. तो मागे हटला नाही. "चोर म्हनलीस तवा मोठ्यानं म्हनलीस. आता बी मोठ्यानं सांग."

जमनाचे डोळे भरून आले. ती फाटकाकडे वळली आणि जाणाऱ्या साठ पाठींना तिने हाक मारली. सगळे थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने सुकाचा हात धरला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "सुका वरठा चोर नाय. मी खोटं बोलले."