एकोणतीस तारखेचं सॅम्पल

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. आमच्या अर्ध्या वर्गाचं हसून झालंय.

पण माझ्या उजव्या कोपराच्या आत जी खूण आहे ती मी पेनाने काढलेली नाही. आणि लॅबचे रिपोर्ट मी घरी बसून टाइप केलेले नाहीत.

तारीख २९ सप्टेंबर २०२४. रविवार. रात्र-बित्र काही नाही, दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

जागा, अंधेरी ईस्टची एमआयडीसी. बिल्डिंगचं नाव लिहायला मम्मीने मनाई केलीय.

मी संघमित्रा, तेव्हा नववीत होते. जुलैमध्ये वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून मला कशाची भीतीच वाटेना. स्टेजची नाही, गणिताच्या सरांची नाही. मम्मी म्हणायची, "ढाल मिळाली आणि तोंडाचं कुलूप हरवलं."

मम्मी, म्हणजे नंदा, एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो, सगळ्या तापांची रक्तं तिच्याकडे येतात. त्यातला लेप्टो डांबरट. उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून चालल्यावर होतो. रक्तात त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत टेस्ट केली तर निगेटिव्ह येते. आजार असला तरी.

म्हणून मम्मी संशय असलेल्यांना दहा दिवसांनी परत बोलावते. पहिलं सॅम्पल कोल्ड रूममध्ये जपून ठेवते आणि स्टँडमध्ये त्याच्या शेजारची खाच रिकामी सोडते. दुसऱ्या सॅम्पलसाठी. मग दोन्ही एकत्र तपासायची, म्हणजे काय बदललं ते कळतं.

काही खाचा रिकाम्याच राहतात. लोक बरे होतात, येत नाहीत.

किंवा...

असो.

त्या दुपारी मम्मीच्या फोनवर अलार्मचा मेसेज आला. कोल्ड रूमचं तापमान वाढतंय. आम्ही मरोळला राहतो, लॅबपासून सगळ्यात जवळ, म्हणून मेसेज तिलाच येतो. मी म्हटलं, मी पण येणार. रिक्षाने निघालो.

रविवारची एमआयडीसी कधी बघितलीय? चहाची टपरी बंद, सगळी शटर खाली. लिफ्टपण बंद. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत आमच्याच चपलांचा आवाज.

कोल्ड रूम म्हणजे स्टीलचा मोठा डबाच. आत चार डिग्री असते. दरवाज्याच्या बाहेर तापमानाचा लाल आकडा दिसतो.

त्या दिवशी दिसत होतं... ३९.४.

"हा काय ताप मोजतोय काय," मम्मी पुटपुटली. "मी खाली वॉचमनला घेऊन मेन स्विच बघते. तू इथे बस. आत जायचं नाही."

"नाही जात गं."

ती जिना उतरली आणि मी आत गेले.

मला फक्त आतला काचेचा थर्मामीटर बघायचा होता. तिच्या आधी कारण शोधून काढायचं होतं, बाकी काही नाही.

आत बर्फासारखा गारवा. थर्मामीटर बघितला.

चार.

बरोबर चार डिग्री. मग बाहेरचा आकडा कशाचा?

मागे दरवाजा लागला. सावकाश, जसा कोणी मुद्दाम हलकेच लावावा तसा.

मी घाबरले नाही, खरंच. आतून एक हिरवा दांडा असतो, ढकलला की दार उघडतं. मी ढकलला. दांडा आत गेला. दार इंचभर हललं... आणि परत बसलं.

पुन्हा ढकललं. पुन्हा इंचभर. पुन्हा परत.

अडकलं नव्हतं. कोणीतरी बाहेरून टेकून बसलं होतं.

"मम्मी? मस्ती नको हां."

मी फोन काढला.

फोनला रेंज नाही. चारी बाजूंनी स्टील. अंगात पातळ टी-शर्ट.

मग कोल्ड रूमची घरघर थांबली. ती घरघर चालू असताना लक्षातही येत नाही. थांबल्यावर कळतं, किती शांत असू शकतं.

त्या शांततेत... दाराच्या पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. भरभर, जड. ताप भरलेला माणूस घेतो तसा.

"कोण आहे?"

"माझो रिपोर्ट इलो काय गो?"

बाप्याचा आवाज. थकलेला. मालवणी बोलत होता. माझी बेंचमेट श्वेता मालवणची आहे, त्यामुळे मला कळतं.

"काका, आज रविवार आहे. लॅब बंद आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा ना, मी आत अडकलेय."

"माका आजचीच तारीख दिली हुती. एकोणतीस."

"नाव काय तुमचं?"

"शरच्चंद्र घाडीगावकर."

समोरच लेप्टोचा स्टँड होता. मी ट्यूब चाळल्या. दात वाजायला लागले होते. तिसऱ्या रांगेत मम्मीच्या अक्षरात लेबल. शरच्चंद्र घाडीगावकर, वय ४६. पहिलं सॅम्पल १९ सप्टेंबर. पुन्हा २९ला.

मम्मीने घाईत दहा दिवस मोजले होते. रविवार येतो हे बघितलंच नव्हतं.

शेजारची खाच रिकामी.

मला वाटलं, बिचारा ताप अंगावर घेऊन आलाय. याला काहीतरी सांगून उठवायचा, बस. वक्तृत्ववाला आवाज काढला.

"काका, तुमचा रिपोर्ट आलाय. निगेटिव्ह. काही नाही तुम्हाला. आरामात घरी जा."

पलीकडे श्वास तसाच चालू.

"पयलो पण निगेटिव्हच इल्लो, बाय."

मी परत त्याचं लेबल बघितलं.

"तेच्या भरवशार घराक गेलंय. आता माजा चेडू तापलाहा. डॉक्टर सांगतत, बापाशीक काय नव्हता, हिकाय काय नाय. नक्की काय हुता ता कळाक व्हया."

चेडू म्हणजे मुलगी. बापाला काय झालं होतं ते कळल्याशिवाय तिला बरोबर औषध मिळणार नव्हतं.

मी दार बडवलं. हात लाल झाले. मम्मीला हाका मारल्या. आता मला कळत होतं की हा उठणार नाही. चिडलेला नव्हता, धमकावत नव्हता. नंबर लागायची वाट बघत होता. सरकारी दवाखान्यात लोक बसतात तसा. असे लोक दिवसभर बसतात.

आणि मला दिवसभर चार डिग्रीत बसता येणार नव्हतं. बोटं आधीच बधिर झाली होती. डोळे मिटायला लागले होते. मिटू द्यायचे नाहीत एवढं कळत होतं.

"काका, सॅम्पल द्या ना मग. मी ठेवते."

"रगात खंयसून आणू? माझ्यात आता नाय."

तेव्हा मला समजलं, मी कोणाशी बोलतेय.

रडत होते मी. लिहायला लाज वाटते, पण रडत होते. आणि जे बोलायला नको होतं ते बोलले.

"माझं घ्या. पण जाऊ द्या मला."

श्वास थांबला.

घरघर पुन्हा सुरू झाली. मी दांड्यावर पडले आणि दार सताड उघडलं. बाहेर कोणी नाही. दरवाज्यावर लाल आकडा, ४.०. मम्मी जिना चढून वर येत होती.

"पाच मिनिटं गेले तर आत घुसलीस? ओठ बघ निळे पडलेत."

पाच मिनिटं.

तिने माझे हात चोळायला घेतले आणि थांबली. उजव्या कोपराच्या आत सुईची ताजी खूण होती. रक्ताचा एक थेंब. मी तिला सगळं सांगितलं. ती कोल्ड रूममध्ये गेली.

घाडीगावकरांच्या शेजारची खाच भरलेली होती.

ट्यूबला लेबल नव्हतं. मम्मीने हातात घेतली आणि पटकन खाली ठेवली.

ट्यूब गरम होती.

"हा माणूस गेला, संघू," ती म्हणाली. "तेवीस तारखेला. घाटकोपरला राहायचे. मला बुधवारी कळलं. माझ्याच सहीचा निगेटिव्ह होता."

सोमवारी तिने माझं रक्त स्वतः काढलं. मग तिन्ही एकत्र लावली. घाडीगावकरांचं पहिलं, बिनलेबलचं, आणि माझं. अँटीबॉडी असतील तर पिवळा रंग येतो.

पहिल्यात रंग नाही.

दुसऱ्यात गडद पिवळा.

माझ्यातही गडद पिवळा. आकडा दोन्हींचा एकच, दशांशासकट.

मला ताप आलेला नाही. मी साचलेल्या पाण्यात पाय घातलेला नाही. तरी माझ्या रक्तात लेप्टोशी लढून आल्याची नोंद आहे. नुकतीच.

मम्मीने फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. मुलगी, रेवती, तिसरीतली, बापाबरोबर त्याच साचलेल्या पाण्यातून चाललेली, शनिवारपासून तापाने फणफणलेली. बापाचा रिपोर्ट बघून डॉक्टर साधा व्हायरल म्हणत होते.

"व्हायरल नाही, ताई," मम्मी म्हणाली. "त्यांना लेप्टोच होता, दुसऱ्या सॅम्पलमध्ये दिसतोय. डॉक्टरांना माझा नंबर द्या. आत्ता. लेप्टोचं औषध चालू करायला सांगा."

तिसऱ्या दिवशी रेवतीचा ताप उतरला. शाळेत जाते आता. मी तिचा फोटो बघितलाय, पुढचे दोन दात नाहीत.

तिच्या आईने नंतर फोन केला, आभार मानायला. स्पीकरवर होता.

"पण मॅडम, हे तर आठवडाआधीच गेले होते ना? तुम्ही दुसरी टेस्ट कोणाच्या रक्तावर केलीत?"

मम्मीने माझ्या कोपराकडे बघितलं. मग रेंज नाही म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टर म्हणतात, कधीतरी होऊन गेला असेल, कळला नसेल. हळूहळू अँटीबॉडी कमी होतील.

मम्मी दर दोन महिन्यांनी माझं रक्त तपासते. डिसेंबरमध्ये आकडा तोच होता. फेब्रुवारीत तोच. एप्रिलमध्ये...

एप्रिलमध्ये थोडा वाढला.

काल पुन्हा घेतलं. संध्याकाळी मम्मी घरी आली आणि चपला न काढताच माझ्या कपाळाला हात लावला. बराच वेळ.

"किती आला?" मी विचारलं.

"जेवून घे," ती म्हणाली.